आधी दिवा, मग रोप

मैत्रिणींनो, घरच्या मत्स्यालयाबद्दलची पत्रं अधूनमधून येतच असतात. 'मासे कोणते घ्यावेत?' हा त्यातला ठरलेला प्रश्न. पण सोलापूरच्या एका भगिनीचं परवा आलेलं पत्र जरा वेगळं आहे. त्यांची अडचण अनेक घरांत असणार, म्हणून आजचं सगळं पान त्यांच्यासाठीच ठेवलं आहे.

मुलाच्या हट्टापायी त्यांच्या यजमानांनी दोन फूट लांबीची काचेची पेटी आणली. प्लॅस्टिकची झाडं या वहिनींना आवडत नाहीत, म्हणून त्यांनी खरी रोपं आणली. एकदा नव्हे, तीनदा! दुकानात सगळ्यांत देखणी दिसली ती लालजांभळ्या पानांची. दर वेळी तीन-चारशे रुपये गेले. पंधरा-वीस दिवसांत पानं कुजली, काचांवर हिरवा थर चढला. गेल्या आठवड्यात तर सकाळी उठून पाहतात तो चार मॉली मासे मरून पडलेले. मुलगा त्या दिवशी जेवला नाही. सासूबाईंनी स्पष्टच सांगितलं, की मुक्या जिवांचे हाल करून घराला शोभा आणू नये. पेटी कुणाला तरी देऊन टाक. वहिनींनाही ते पटू लागलं आहे. न मरणारी रोपं कोणती, एवढंच त्यांना शेवटचं विचारायचं आहे. आणि जाताजाता त्यांनी दोन गोष्टी सहज लिहून टाकल्यात: पेटी पश्चिमेच्या खिडकीखाली आहे, आणि वरचा वीस वॅटचा एलईडी दिवा शोभेसाठी सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत चालू असतो.

वहिनी, निम्मं उत्तर या दोन ओळींतच आहे, बरं का! सासूबाईंचं म्हणणंही चुकीचं नाही. जीव घरात आणला की त्याचा भार आपल्यावर. पण पेटी देऊन टाकण्याआधी एकदा कामाचा क्रम बदलून पाहा. आपण रोप आधी आणतो, डोळ्यांना आवडलं म्हणून. आणि असेल त्या उजेडात त्यानं जगावं अशी अपेक्षा करतो. साडीला जुळणारा ब्लाऊज मागाहून शिवता येतो, इथे तसं चालत नाही. आधी उजेड ठरवायचा, मग त्या उजेडात सुखानं राहील असं रोप आणायचं.

उजेड हेच रोपाचं जेवण

शाळेतला हायड्रिलाचा प्रयोग आठवतो? काचेच्या भांड्यात पाणवनस्पती, तिच्यावर पालथं नरसाळं आणि वर पाण्यानं भरलेली परीक्षानळी. भांडं उन्हात ठेवलं की बुडबुडे निघायचे. तो प्राणवायू. यान इंगेनहाउस या डच वैद्यानं १७७९ साली पाण्यात बुडवलेल्या पानांवरच प्रयोग करून दाखवलं, की हिरवी पानं प्राणवायू सोडतात ती फक्त उजेडात. अंधारात तीही आपल्यासारखा प्राणवायू वापरतात.

आता आपल्या पेटीकडे या. उजेड कमी पडला तर रोप उपाशी राहतं. साठवलेल्या अन्नावर काही दिवस काढतं, मग जुनी पानं पिवळी पडून कुजतात. उजेड जास्त झाला तर? रोप आपल्या भुकेपुरता घेतं, उरलेल्यावर शेवाळ ताव मारतं. शेवाळ म्हणजे नुसती घाण नव्हे. उरलेला उजेड आणि उरलेलं अन्न खाणारा तो आगंतुक पाहुणा आहे. जेवण उरलं नाही की तो फार दिवस मुक्काम करत नाही.

मासे सकाळी का मेलेले आढळतात, हेही यावरून कळेल. रात्रभर रोपं, शेवाळ, मासे आणि कुजक्या पानांवर पोसलेले जिवाणू असे सगळेच एकाच साठ्यातला प्राणवायू वापरत असतात. भर कुणीच घालत नाही, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. त्यात पाणी तापलेलं असेल तर साठा मुळातच लहान. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. पश्चिमेचं ऊन, कुजकी पानं आणि सोलापूरचा उन्हाळा एकत्र आले की माशांचं काय होणार? शिवाय पानं कुजताना अमोनिया तयार होतो, तो माशांना विषासारखा. सकाळी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले, तर ती धोक्याची सूचना समजा. कुजकं सगळं काढा, पाव हिस्सा पाणी बदला आणि हवेचा पंप रात्रभर चालू ठेवा.

दिवा केवढा, किती वेळ?

पेटी खिडकीपासून दूर, ऊन थेट पडणार नाही अशा भिंतीशी हवी. मात्र भरलेली पेटी ढकलायचा मोह मुळीच नको. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत ५४ लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ५४ किलो. काच आणि वाळू वेगळी. आधी पाणी आणि वाळू काढा, मगच हलवा. टेबलही भक्कम हवं.

दिव्याचा हिशेब सोपा आहे. खोक्यावर वॅटबरोबर 'ल्युमेन' हा आकडा छापलेला असतो, तो उजेडाचा. कमी उजेडात वाढणाऱ्या रोपांना लिटरमागे साधारण १५ ते २५ ल्युमेन पुरतात. एलईडी दिवा एका वॅटला शंभरच्या आसपास ल्युमेन देतो. म्हणजे आपल्या दोन फुटी पेटीला दहा वॅटचा दिवा पुरेसा. वीस वॅट आणि तेही सोळा तास म्हणजे पाहुण्याला पंगतीचं आमंत्रणच! पेटी दीड फुटाहून खोल असेल तर मात्र उजेड तळापर्यंत पोचायला दिवा थोडा मोठा लागतो.

रंग पांढरा असावा. खोक्यावर ६५०० के किंवा 'कूल डेलाइट' असं लिहिलेलं असतं, तो चालतो. निळे-जांभळे दिवे मासे चमकदार दिसावेत म्हणून लावतात. केवळ त्यांच्या भरवशावर रोपं लावू नका. दिवा आणि पाणी यांच्यामधली काच आठवड्यातून एकदा पुसा. तिच्यावर क्षारांचे डाग साचले की उजेड कमी होतो.

वेळ रोज तीच हवी. पहिला महिनाभर सहा तास, मग रोपं धरली की आठ. शोभा घरच्यांनी पाहायची असते ना? मग दुपारी चार ते रात्री दहा ठेवा. सगळे घरी असतात. प्लगमध्ये बसणारा साधा टायमर आणलात तर विसरायची भीती नाही. चार दिवस गावाला गेलात तरी दिवा आपला आपण लागतो, विझतो. आणि आता कानात सांगते: वीस वॅटचा दिवा सोळा तास म्हणजे महिन्याला जवळजवळ साडेनऊ युनिट. दहा वॅटचा दिवा आठ तास म्हणजे अडीच युनिटही नाहीत. यजमानांना एवढं दाखवलंत की टायमरचे पैसे मागायला नकोत.

विजेची काळजी घ्या. दिव्याची वायर प्लगकडे जाताना मध्ये खाली झोळ येईल अशी सोडा. म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खाली टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळी बटणं बंद आणि प्लग काढलेले हवेत. गणपतीच्या मखरातली दिव्यांची माळ पेटीवर मुळीच सोडू नका.

या उजेडातली पाच रोपं

अनुबियास. मूळ पश्चिम आफ्रिकेतलं, जाड गडद हिरव्या पानांचं. सावकाश वाढतं पण चिवट. याचं आडवं, आल्याच्या कुडीसारखं खोड वाळूत पुरलं तर कुजतं, हे विसरू नका. दगडाला किंवा लाकडाला काळ्या दोऱ्यानं बांधून ठेवा, मुळं आपोआप धरतात.

जावा फर्न. आग्नेय आशियातला नेचा. यालाही पुरायचं नाही, बांधायचं. पानाच्या मागे तपकिरी ठिपके दिसले तर रोग समजून पान तोडू नका; ते नेच्याचे बीजाणू असतात. जुन्या पानांच्या टोकाला लहान पिल्लं फुटतात, ती वेगळी करून दुसऱ्या दगडाला बांधा.

व्हॅलिसनेरिया. लांब फितीसारखी पानं. आपल्याकडच्या तळ्यांतही हे उगवतं. मागच्या काचेशी ओळीनं लावा. हरळी जशी अंगणभर धावते, तशी याची धावरी वाळूतून जाऊन नवी रोपं काढते. लावताना मुळं वाळूत आणि पानं जिथून फुटतात तो गड्डा वर राहू द्या.

क्रिप्टोकोरायनी. दुकानदार याला नुसतं 'क्रिप्ट' म्हणतात. या कुळीतल्या काही जाती आपल्या कोकणात आणि सह्याद्रीतल्या ओढ्यांतही आहेत. नव्या घरात आल्यावर याची पानं पार विरघळून जातात, आणि बायका रोप मेलं म्हणून उपटून टाकतात. धीर धरा. विरघळलेली पानं काढा, मुळं तशीच ठेवा. तीन-चार आठवड्यांत नवे कोंब येतात. एकदा बसलेलं क्रिप्ट मात्र उगाच हलवू नका.

हॉर्नवर्ट. याला मुळंच नसतात, नुसतं पाण्यावर सोडायचं. वर राहिल्यानं त्याला उजेड भरपूर मिळतो. झपाट्यानं वाढतं आणि पाण्यातलं जादा अन्न शोषून घेतं, त्यामुळे शेवाळाच्या तोंडचा घास जातो. दर आठवड्याला थोडं काढून टाकावं लागतं, नाहीतर खालच्या रोपांवर सावली धरतं.

दोन फुटी पेटीला दोन अनुबियास, एक जावा फर्न, सहा ते आठ व्हॅलिसनेरिया, तीन क्रिप्ट आणि मूठभर हॉर्नवर्ट पुष्कळ झालं. नाजूक झिरमिळ्यांचा कबोम्बा आणि लाल पानांच्या पाणवनस्पतींना उजेड जास्त लागतो. हात बसेपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नका.

घरात गोल्डफिश असतील तर आधीच सांगते, ते कोवळी पानं मेथीच्या भाजीसारखी फस्त करतात. त्यांच्याबरोबर अनुबियास आणि जावा फर्न एवढंच ठेवा. गप्पी आणि मॉली मात्र रोपांत चांगले नांदतात.

दुकानात गेल्यावर

वहिनींचं लालजांभळं रोप पाण्यातलं नसावंच. दुकानांच्या टाक्यांत कुंडीतली झाडं बुडवून विकायला ठेवलेली सर्रास दिसतात. लकी बांबू, सिंगोनियम, जांभळ्या सुरकुतलेल्या पानांचं हेमिग्राफिस ही सगळी जमिनीवरची. पाण्यात महिनाभर तग धरतात आणि मग कुजतात. कितीही चांगला दिवा लावा, उपयोग नाही. ओळखायची खूण अशी: रोप पाण्याबाहेर धरा. देठ ताठ उभा राहिला तर शंका घ्या, लोळागोळा झाला तर ते बहुधा पाण्यातलंच. अनुबियास, जावा फर्न आणि काही क्रिप्ट याला अपवाद, म्हणून नाव विचारूनच घ्या. शोभेची म्हणून संगमरवराची खडी आणि शिंपलेही गळ्यात मारतात. दोन्हींतून पाण्यात चुना उतरतो आणि पाणी जड होतं. साधी, धुतलेली नदीची जाड वाळू दोन इंच घातली की झालं. बागेतलं खत किंवा शेणखत वाळूखाली अजिबात नको.

घरी आणल्यावर मुळांभोवतीचा कापूस, स्पंज, शिशाची पट्टी काढून टाका. रोपं आठवडाभर स्वच्छ पाण्याच्या बादलीत उजेडात ठेवा आणि पानामागे गोगलगायीच्या अंड्यांचे चिकट पुंजके आहेत का, ते पाहा. एखादी गोगलगाय राहिलीच तर घाबरू नका. १८५०च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया एका टाकीत ठेवून पाहिले. जुनी पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं. त्यानं तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळलं. तुमच्याकडे गोगलगायी फार वाढल्या, तर माशांना खाणं जास्त पडतंय असा अर्थ घ्या.

पहिले दोन महिने

एकदम सगळे मासे सोडू नका. रोपं लावून पंधरा दिवस जाऊ द्या, मग दोन-तीन सोडा, बाकीचे महिन्याभरानं. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या पेटीत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पिवळी पानं दिसली की लगेच कातरा. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. नळाचं पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून मगच घाला. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढंच खाणं टाका.

सुरुवातीला काचांवर तपकिरी थर आला तर तो पुसून टाका, घाईनं औषध ओतू नका. हिरवं शेवाळ वाढतंय असं दिसलं तर दिव्याचा एक तास कमी करा आणि दोन आठवडे वाट पाहा. रोपांची नवी पानं फिकट, पण शिरा हिरव्या दिसल्या तर सहसा लोह कमी असतं. जुन्या पानांना बारीक भोकं पडली तर पालाश. मत्स्यालयाच्या रोपांसाठी मिळणारं द्रवखत बाटलीवरच्या मापाच्या निम्म्यानं सुरू करा. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याचा खर्च या पाच रोपांना लागत नाही.

घराबाहेरचीही जबाबदारी

काढलेलं हॉर्नवर्ट किंवा नको झालेली रोपं तळ्यात, नदीत, नाल्यात टाकू नका. वाळवून कुंडीत खत म्हणून घाला. आपल्या नद्या आणि तलाव गुदमरवून टाकणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिची निळसर फुलं सुंदर दिसतात म्हणूनच लोकांनी ती देशोदेशी नेली, हे ध्यानात ठेवा.

आणि उलटही करू नका. सहलीला गेल्यावर तळ्यातली, पठारावरच्या डबक्यातली रोपं उपटून पेटीसाठी आणू नका. कास पठारावरच्या डबक्यांत फुलणारा वायतुरा ही सातारा परिसरात आढळणारी वनस्पती. तिची शास्त्रीय नोंदही साताऱ्याच्याच नावानं, १९८२ साली झाली. जिचं घरच एवढंसं, तिला तिथंच राहू द्यावं.

आज काय कराल?

वहिनींनी, आणि ज्यांची पेटी अशीच रुसली आहे त्या सर्वांनी, आज फक्त चार गोष्टी करायच्या. कुजकी रोपं काढा. पाव हिस्सा पाणी बदला. दिव्याची वेळ सहा तासांवर आणा. खिडकीला जाड पडदा लावा. पेटी सवडीनं हलवा. रोपांच्या दुकानात आठ दिवसांनी जा, तोवर नाही. यातलं काहीच निभणार नाही, घरात तेवढी सवडच नाही असं वाटलं, तर पेटी निभावणाऱ्या घरी देणं हाही शहाणपणाच. त्यात कमीपणा नाही. पण ठेवायचीच असेल तर आधी दिवा, मग रोप आणि सर्वांत शेवटी मासे.

पुढच्या आठवड्यात, पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना येणारा कुबट वास कसा घालवावा, याबद्दल बोलू.